माझ्या हिरड्या आणि संयुक्त महाराष्ट्र

सत्तावन सालच्या संक्रांतीला, दुपारी अडीचच्या सुमारास, ठाकुरद्वारच्या एका जिन्याच्या सातव्या पायरीवर उभा राहून मी एक छोटासा निर्णय घेतला. 'आज नको, पुढच्या सोमवारी.' एवढाच. त्यापायी माझी सतरा वर्षांची सरकारी नोकरी धोक्यात आली, लालबागच्या गिरणी कामगारांनी मला खांद्यावर घेतलं, आणि माझ्या तोंडात काय काय सडलं आहे ते एका मराठी दैनिकात छापून आलं. माणसानं जिन्याच्या मध्यावर विचार करायला थांबू नये, हे मी अनुभवानं सांगतो.

जिना डॉक्टर गुरुदत्त धराधर यांच्या दातांच्या दवाखान्याचा होता. हे माझ्या बायकोचे, सुमतीचे, चुलतमामा. (आम्हा पाठारे प्रभूंची वस्तीच एवढीशी, की डॉक्टर, वकील आणि शत्रू सगळे नात्यातलेच मिळतात.) धराधर हे आमच्यातलं जुनं, खानदानी आडनाव आहे, पण दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर ते वाचलं की आपल्याला आधी कोण धरणार आणि मग कोण, असा विचार मनात येतोच.

माझी तक्रार काय होती म्हणाल, तर माझ्या मते काहीच नव्हती. दोन वर्षं दात घासताना हिरड्यांतून थोडं रक्त यायचं. पेरू खाल्ला तर पेरूवर आणि पाव खाल्ला तर पावावर लाल शिक्का उमटायचा. त्यावर मी एक सोपा उपाय शोधून काढला होता. दात घासायचंच बंद केलं. (रक्त घासल्यानं येतं ना? मग घासलंच नाही तर येणार कुठून? तक्रारी वाढल्या की आमच्या खात्यात चौकशीची खिडकी बंद करतात, तेच तत्त्व.) बोटानं राखुंडी फिरवायची, चूळ भरायची, की आंघोळीला मोकळा. खालचे दोन दात जिभेनं ढकलले तर हलायचे, आणि फायली वाचताना मला तो एक चाळाच लागला होता. दुखत नाही ना, मग रोग कसला, असं माझं वैद्यकशास्त्र.

याखेरीज माझे गुडघे धरायचे. त्यांना मी महानारायण तेल चोळत असे. सारखी तहान लागायची, तिला ताक. थकवा यायचा, त्याला किरकोळ रजा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी लघवीत साखर आहे म्हणून सांगितलं होतं. काचेच्या नळीत औषध घालून तापवायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर जपा, आणि विटेच्या रंगावर गेलं तर देव राखो. माझी नळी कायम विटकरी. मी भात सोडला, बटाटा सोडला, चहातली साखर सोडली (घरच्या चहातली), तरी रंग काही बदलेना. गुडघे वेगळे, साखर वेगळी, हिरड्या वेगळ्या, असा माझा हिशेब. ही खाती आतल्या आत एकमेकांशी पत्रव्यवहार करत असतील असा संशय मला कधीच आला नाही.

सुमतीला मात्र आला.

"अहो, रोज सकाळी उशीच्या अभ्र्यावर लाल डाग असतो," ती म्हणाली. "गुरुमामांकडे जाताय, की मी लाल अभ्रेच शिवून घेऊ?"

मी अर्थात अभ्र्यांच्या बाजूनं होतो. पण तिनं परस्पर मामांची वेळ घेतली, मला अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावली, आणि सण म्हणून मामांसाठी अकरा तिळाचे लाडू घातलेला पितळी डबा माझ्या हातात दिला.

"मामांना तिळगूळ द्यायचा आणि तोंड उघडायचं. एवढं तरी जमेल ना?"

सुमतीच्या हातचं कोलंबीचं भुजणं सगळी फणसवाडी वाखाणते. लाडू मात्र ती चिक्कीच्या गुळाचे करते, आणि पाक हमखास थोडा पुढं गेलेला असतो. आमच्याकडचा तिळगूळ लोक तोंडभर हसून घेतात आणि घरी जाऊन खलबत्त्यात घालतात.

असा मी डबा घेऊन सातव्या पायरीपर्यंत पोचलो. इतक्यात वरून गालाला रुमाल लावलेला एक गृहस्थ उतरला. त्यानं माझ्याकडे पाहून अशी मान हलवली, की जणू माझ्या घरी कुणी गेलं आहे आणि ते मला अजून कळायचं आहे. त्याच्यामागून पायानं चालवायच्या यंत्राची घर्र घर्र ऐकू आली. मी निर्णय घेतला आणि खाली येऊन फुटपाथवर उभा राहिलो.

आता प्रश्न डब्याचा. भरलेला डबा घरी नेणं म्हणजे गुन्ह्याच्या जागेवर आपलं नाव-गाव लिहून ठेवणं. फेकावा तर अन्नाचा अपमान. मी विचार केला, आपणच चारपाच संपवावेत आणि बाकीचे 'मामांनी आग्रहानं परत दिले' म्हणून न्यावेत. (साखर? साखर चहातली सोडली होती. हा गूळ होता.)

तेवढ्यात समोरून मोर्चा आला. द्विभाषिक राज्य डोक्यावर बसून अडीच महिने झाले होते आणि निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे गिरगावात दिवसाआड मोर्चा असायचाच. हा लालबाग-परळच्या कामगारांचा होता. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" या गर्जनेनं दुकानांच्या फळ्या हादरत होत्या. मी मनातून कट्टर संयुक्त महाराष्ट्रवादी, पण मनातूनच. सरकारी नोकराला मोर्च्यात पाऊल टाकायची बंदी होती, म्हणून घोषणा मी मोरीत नळ सोडून देत असे. आताही मी एका दुकानाच्या पायरीवर चढून, तटस्थ चेहऱ्यानं, पहिला लाडू दाढेखाली धरला आणि दाबला.

लाडू फुटला नाही. दात वाकला. त्याच क्षणी मोर्च्याच्या पाठीमागून घंटा वाजवत ट्राम आली, मोर्चा बाजूला सरकला, मी भिंतीशी चेपला गेलो आणि माझा जबडा लाडवासकट बंद झाला. हिरड्यांतून रक्ताची अशी धार लागली की पांढरा सदरा कॉलरपासून तिसऱ्या बटणापर्यंत लाल झाला. कोपऱ्यावर उभा असलेला एक भला हवालदार धावत आला. "काय झालं साहेब?" म्हणून तो माझ्यावर वाकला. बिचाऱ्याच्या हातात लाठी होती. ती काय तो घरी ठेवून येणार होता?

मोर्च्याच्या पुढच्या रांगेतला एक धिप्पाड कामगार नेमका त्या क्षणी वळला. त्याला दिसलं ते एवढंच: भिंतीला टेकलेला कारकून, तोंडातून रक्त, आणि वर लाठी.

"अरे मेल्या, गरिबाक मारतंस?"

"मी कुठं मारलं?" हवालदार दचकून मागं सरला. "मी तर विचारत होतो..."

"बघा रे, ह्येचा तोंड फोडल्यानी!"

हवालदारानं चारशे माणसं आपल्याकडे वळताना पाहिली आणि शहाण्या माणसानं करावं ते केलं. तो दिसेनासा झाला. मी खुलासा करायला तोंड उघडू लागलो, पण चिक्कीच्या गुळानं वरचा जबडा खालच्याला असा चिकटवला होता की 'म्म्म' याच्यापुढं काही निघेना. मी हातातल्या डब्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांना वाटलं, घरच्यांसाठी निरोप आहे.

"बोलू नुको," तो कामगार मायेनं म्हणाला. त्याचं नाव गुणाजी. "रगात जाता तुजा. घर खंय तां मी बघतंय." डब्याच्या झाकणावर, आपल्याकडच्या सगळ्या डब्यांवर असतं तसं, नाव कोरलेलं होतं: सौ. सुमती म. त्रिलोकेकर, फणसवाडी. गुणाजीनं ते अक्षर जुळवून वाचलं, मला तांदळाच्या गोणीसारखं खांद्यावर घेतलं, आणि अख्खा मोर्चा फणसवाडीकडे वळला.

आता आमच्या चाळीची एक दुखरी बाजू सांगायला हवी. शेजारच्या चाळीतले तीन जण सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले होते. पलीकडच्या इमारतीत तर एक पायाला प्लास्टर घातलेला तरुण होता. आमच्या चाळीच्या नावावर काहीच नव्हतं. आमचे शामराव, निवृत्त ड्रॉइंग मास्तर आणि वाडीतल्या समितीचे चिटणीस, या गोष्टीनं वर्षभर झुरत होते. मला रक्तबंबाळ अवस्थेत खांद्यावरून येताना पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं, ते दुःख होतं असं मी शपथेवर सांगणार नाही.

"मनमोहन! तू?" ते म्हणाले. "अरे, तू तर जिन्यात शेजाऱ्यांशीसुद्धा वाद घालत नाहीस!"

सुमती धावत बाहेर आली. तिनं माझ्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. एकोणीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे पाहून तिला रडू आलेलं मी अनेकदा पाहिलं होतं. पण माझ्यासाठी आलेलं हे पहिलंच. तिनं माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "मामांकडे पोचलात का हो?"

तोपर्यंत गूळ विरघळला होता. मी खरं बोलू शकत होतो. फार सोपं होतं ते. 'अगं, मी जिन्यावरून पळालो आणि तुझ्या लाडवानं हे केलं.' पण समोर गुणाजी छाती फुगवून उभा, मागं चारशे माणसं, आणि हातात सुमतीचा हात.

"जातच होतो," मी म्हणालो, "पण म्हटलं, आधी महाराष्ट्र. मग दात."

जो जयघोष झाला तो चर्नी रोड स्टेशनापर्यंत ऐकू गेला असावा. सुमतीनं मला ओवाळलं.

पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. सदऱ्यावर रक्त सांडलेला माणूस म्हणून मला नळावर पहिला नंबर मिळाला. शिरा आला, खिमट आलं, कुणी केळ्याचं शिकरण आणलं. (जखमी माणसाला नाही म्हणून कसं चालेल? नळीचं नंतर बघू.) सकाळी मी गॅलरीत चूळ भरायला उभा राहिलो की लोक आपापल्या दारात येत, आणि चूळ रोजच्यासारखी लालच निघे.

"तीन दिवस झाले, अजून रक्त थांबत नाही!" शामराव कळवळून म्हणत. "केवढा घाव घातला असेल मेल्यानं!"

दोन वर्षं थांबलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. रविवारी चाळीच्या पटांगणात माझा जाहीर सत्कार ठरला.

गुरुवारी सकाळी शामरावांनी एका दैनिकाचा अंक माझ्यापुढं नाचवला. चौथ्या पानावर, तळाशी: 'फणसवाडीचे श्री. म. मो. त्रिलोकेकर लाठीने जबर जखमी. मुखातून अखंड रक्तस्राव. धैर्य अढळ.' तो वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. शुक्रवारी ऑफिसात तोच कात्रण होऊन आमचे सुपरिंटेंडेंट कारखानीस यांच्या टेबलावर होता, आणि अंगावरचं मांस दोन मुठींनी उतरलं.

"मिस्टर त्रिलोकेकर," कारखानीस साहेब कात्रणाला टाचणी लावत म्हणाले, "सरकारी नोकर असून आपण मोर्च्यात होता?"

"नाही साहेब! मी फुटपाथवर होतो."

"मग लाठी फुटपाथवर चढली?"

"लाठी नव्हतीच साहेब. लाडू होता."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "उद्या दुपारी बारापर्यंत लेखी खुलासा, पुराव्यासह. नाहीतर कागद वर जाईल. वर गेलेला कागद तुम्हाला घेऊनच खाली येतो, हे तुम्हाला सतरा वर्षांत कळलंच असेल."

मला ते चांगलंच कळलं होतं. नोकरी गेली तर आम्ही खाणार काय? माझ्याकडे एकच पुरावा होता आणि तो माझ्या तोंडात होता. पण तोंड ऑफिसच्या फायलीला लावता येत नाही. त्याला सर्टिफिकेट लागतं, आणि सर्टिफिकेट देणारा माणूस त्या जिन्याच्या वर बसला होता. शुक्रवारी संध्याकाळी मी सातवी पायरी डोळे मिटून ओलांडली.

"या जावईबापू!" धराधर म्हणाले. "सोमवारी तुमची वाट पाहिली. ऐकलं की तुम्ही महाराष्ट्र मिळवायला गेला होता."

"डॉक्टर, मला फक्त एक सर्टिफिकेट द्या. हे रक्त जुनं आहे, असं."

"आधी तोंड उघडा."

मी उघडलं. त्यांनी एक बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये सारली. ती आत जातच राहिली. मला वाटलं, आता हनुवटीतून बाहेर येईल. डॉक्टर गप्प झाले. गंमतीजमती करणारा डॉक्टर गप्प झाला की पेशंटनं घाबरावं.

"पायोरिया," ते म्हणाले. "दात घासणं बंद करून किती दिवस झाले?"

"रक्त यायचं म्हणून..."

"रक्त येतं ते घासलं नाही म्हणून. दातांच्या मुळाशी कीट बसलंय दगडासारखं. त्याच्यामुळे हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसे पडतात, खिशात पू साचतो, आणि खालचं हाड झिजत जातं. म्हणून दात हलतात."

"पण डॉक्टर, दुखत तर कधीच नाही."

"तोच तर त्याचा बनेलपणा. दुखलं असतं तर तुम्ही दोन वर्षांपूर्वी आला असता." त्यांनी माझा उजवा हात उचलून माझ्यापुढं धरला. "तुमच्या सगळ्या हिरड्यांच्या आतली जखम पसरून ठेवली ना, तर जवळजवळ या तळव्याएवढी होईल. तळव्यावर एवढी पू वाहणारी जखम असती, तर दोन वर्षं हात खिशात घालून हिंडला असता का?"

मी हाताकडे पाहिलं. चांगला मोठा आहे माझा हात.

"साखर उतरत नाही म्हणत होती सुमती," ते पुढं म्हणाले. "कशी उतरेल? साखर असली की हिरड्या लवकर सडतात, आणि हिरड्या सडत राहिल्या की साखर हटत नाही. दोघी एकमेकींना धरून बसल्यात. ही घाण रोज रक्तात जाते. तुमचे गुडघे कदाचित तिच्यामुळेही धरत असतील, खात्रीनं नाही सांगत. पण हृदयाची झडप आधीच कमकुवत असलेला माणूस असल्या घाणीनं गेलेला मी पाहिलाय. तोंड म्हणजे काही शरीराच्या बाहेर भाड्यानं घेतलेली खोली नाही, जावईबापू."

खरं सांगतो, तोपर्यंत मी नोकरीसाठी घाबरलो होतो. आता मी माझ्यासाठी घाबरलो. घरात बसून मी तीन रोगांना तीन औषधं लावत होतो, आणि मुळाशी राखुंडी फासत होतो. मला स्वतःची लाज वाटली. सहा दात काढावे लागतील, बाकीचे खरवडून साफ केले तर वाचतील, असं ते म्हणाले, आणि मी एका शब्दानंही घासाघीस केली नाही.

सर्टिफिकेट त्यांनी तिथंच लिहिलं. ते मला अजून पाठ आहे. 'श्री. त्रिलोकेकर यांच्या मुखातील रक्तस्राव किमान दोन वर्षांचा जुना असून त्यासोबत पू व तीव्र दुर्गंधी आहे. सदर अवस्था सर्वस्वी त्यांच्या स्वतःच्या कर्तृत्वाने आली असून तीत पोलीस खात्याचा कोणताही हात नाही.'

शनिवारी साडेअकराला मी ते कारखानीस साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"हे डॉक्टर तुमचे कोण?"

"मामेसासरे."

"वाटलंच. असली सर्टिफिकिटं घरच्या घरी कुणीही देतं." ते उठून टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आले. "तोंड उघडा."

मी उघडलं. साहेब पुढं वाकले, आणि ज्या वेगानं वाकले त्याच्या दुपटीनं सरळ झाले. मग ते खिडकीपाशी गेले, तिचं दार पूर्ण उघडलं, आणि बराच वेळ बाहेरच्या हवेकडे पाहत उभे राहिले.

"खुलासा मान्य," ते माझ्याकडे न वळता म्हणाले. "पण बातमी जाहीर झाली आहे, तर खंडनही जाहीर हवं. उद्या सत्कारात स्वतःच्या तोंडानं सांगा. सोमवारी त्या पेपरात छापून आलं पाहिजे. नाहीतर कागद वर."

नोकरी वाचवायची तर चाळीसमोर आणि सुमतीसमोर उघडं पडायचं होतं. नोकरीचं मला समजत होतं. पण सुमतीनं धरलेला तो हात मला सोडवत नव्हता. शनिवारची रात्र मी कशी काढली ते विचारू नका.

रविवारी पटांगण भरलं. लालबागहून गुणाजी आपल्या खात्यातले वीस जण घेऊन आला होता. सुमती पहिल्या रांगेत, नथ घालून. शामरावांनी शाल दिली, नारळ दिला, आणि माझा मार त्यांनी स्वतः पाहिल्यासारखा पाऊण तास वर्णन करून सांगितला. मग मी उभा राहिलो.

"मंडळी," मी म्हणालो, "मला लाठी लागलेली नाही. मला पायोरिया आहे."

शामरावांनी माझ्याकडे पाहून एक डोळा मिचकावला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "सरकारी नोकर आहे बिचारा! समजून घ्या!"

सगळ्यांनी समजून घेतलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, खरंच! तिळाचा लाडू होता! माझ्या हिरड्यांत खिसे पडलेत, त्यांत पू आहे!"

"काय काय बोलायला लावतायत त्याला!" एक म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली.

मी सर्टिफिकेट काढून वाचलं. कीट कसं बसतं ते सांगितलं, हाड कसं झिजतं ते सांगितलं, साखर, रक्त, हृदयाची झडप, सगळं सगळं सांगितलं. पुराव्यासाठी तोंड उघडून दाखवलं. जितकं खरं सांगावं तितक्या टाळ्या वाढत. शेवटी "त्रिलोकेकर झिंदाबाद" झालं. आयुष्यात एकदाच मी लोकांपुढं पूर्ण खरं बोललो, आणि तेच माझं सर्वांत मोठं ढोंग ठरलं.

विश्वास ठेवला तो गुणाजीनं. गर्दी पांगल्यावर तो जवळ आला आणि आपला जबडा उघडून दाखवला. आत मशेरीनं काळे पडलेले सहासात दात उरले होते.

"माका पण ह्योच रोग असतलो," तो हळू आवाजात म्हणाला. "रगात येता म्हणून मी पण घासणा सोडलंय. त्या डाक्टराचो पत्तो दी मरे." मी दिला. पुढच्या महिनाभरात त्याच्या खात्यातले नऊ जण धराधरांचा जिना चढले. मी संयुक्त महाराष्ट्रासाठी काही केलं असेल, तर ते एवढंच.

घरी आल्यावर मी शाल घडी करून ठेवत सुमतीला म्हणालो, "तुला तरी खरं वाटलं का गं?"

"मला सोमवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "लाठीचा मार खाल्लेल्या माणसाच्या मिशीला तीळ कसे चिकटतील?"

"मग ओवाळलंस का?"

"जन्मात पहिल्यांदा तुम्ही कशासाठी तरी उभे राहिल्यासारखे दिसत होता. म्हटलं, बघू किती दिवस टिकतं."

"आणि रडलीस ती?"

"ते रक्त बघून. मामांनी मला दिवाळीतच सांगितलं होतं, हे दुखणं अंगभर जातं, हृदयाला पोचलं तर हाताबाहेर जाईल म्हणून. अहो, तुम्ही लाठीनं गेला असतात तर निदान वाडीनं नाव काढलं असतं. हिरड्यांनी गेला असतात तर मी लोकांना काय सांगणार होते?"

असं म्हणून ती पुन्हा रडली. मी तिचा हात धरला, आणि या खेपेला कसलंही वाक्य टाकलं नाही. मला फार वाईट वाटलं होतं.

सोमवारी पेपरात खंडन आलं: 'श्री. त्रिलोकेकर यांना लाठी लागली नसून पायोरिया झाला आहे. चूक झाल्याबद्दल दिलगीर आहोत.' (चूक कुणाची ते लिहिलं नव्हतं.) माझे सहा दात गेले. बाकीच्यांचं कीट धराधरांनी आठ खेपांत खरवडलं. दोन वेळा मऊ ब्रश आणि मिठाच्या पाण्याच्या चुळा, हे मी बायकोच्या देखत करू लागलो. पावसाळ्यापर्यंत रक्त थांबलं, नळी विटकरीची हिरवी झाली, आणि गुडघ्यांनी महानारायण तेलाशिवाय चालायचं मनावर घेतलं.

ऑफिसात तर माझा मान वाढला. खुलाशानंतरच्या आठवड्यातच कारखानीस साहेबांनी मला कोंदट हॉलच्या मध्यातून उठवून समुद्राकडच्या खिडकीजवळचं टेबल दिलं. पंधरा-पंधरा वर्षं नोकरी झालेले लोक त्या टेबलासाठी झुरत होते. खरं बोलल्याचं फळ मिळतं, असं मी नवीन लागणाऱ्या कारकुनांना तीन वर्षं त्या खिडकीत बसून सांगत होतो.

साठ साली महाराष्ट्र झाला. दप्तरांची वाटणी सुरू झाली, आणि गुजरातकडे जाणारी सर्व्हिस बुकं वेगळी काढायच्या कामावर मला बसवलं. गठ्ठ्यात माझंच सर्व्हिस बुक हाती आलं. कुणी बघत नाही असं पाहून मी उघडलं. सत्तावनच्या जानेवारीतला कारखानीस साहेबांचा शेरा होता, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात, लाल शाईनं:

'सरकारशी निष्ठा निर्विवाद. खिडकीजवळ बसवावे.'